भाजीचं स्वतःचं मीठ

घरातलं मीठ बंद करायचं, हा निर्णय मी परभणीहून सेलूला येताना गाडीत घेतला. मानवत रोड गेल्यावर विचार सुरू झाला आणि सेलूच्या प्लॅटफॉर्मवर पाय टेकेपर्यंत पक्का झाला. (पाटबंधारे खात्यात कारकून असूनही माझे घरगुती निर्णय असे झटपट होतात. ऑफिसात मात्र कालव्याची एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला पावसाळा लोटतो.) माय शेजारीच बसली होती, पण तिला मी काही बोललो नाही. ती खिडकीला डोकं टेकून श्वास गोळा करत होती.

माझी माय म्हणजे चांगुणाबाई. तिनं सगळी उमर सेलूच्या जिनिंगमध्ये घालवली. दिवसभर रेच्याच्या यंत्रावर उभं राहून कापूस टाकायचा, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि जी धूळ उडेल ती आपल्या छातीत. नाकाला पदर बांधायची, पण पदरातून जायचं ते जायचंच. लहानपणी मी तिची दुपारची भाकरी घेऊन जायचो तर तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. त्या धुळीवर मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो. आता तिला दहा पावलं चालली की खाली बसावं लागायचं. ‘छातीत पिंजारी बसलाय,’ ती म्हणायची, ‘रातंदिस पिंजायलाय मेला.’

परभणीच्या डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि मग पायाला बोट दाबून बघितलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत बसलो.

‘फुफ्फुसं कापसानं खाल्लीत,’ डॉक्टर म्हणाले. ‘ती काही नवी होणार नाहीत. पण आहेत त्यांच्यावरचा भार कमी करता येईल. जास्त मिठानं शरीर पाणी धरून ठेवतं. ते पाणी पायात उतरतं, छातीत चढतं, आणि दम वाढतो. मीठ बंद. मूग, पालेभाजी, केळी द्या. आहारातल्या क्षारांचं संतुलन ठेवा.’

आहारातल्या क्षारांचं संतुलन! इतकी वर्षं ‘विषयांकित प्रकरणी’ आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ लिहिणाऱ्या माणसाला असा शब्द मिळाला की त्याचं काय होतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. मी तो तोंडातल्या तोंडात घोळवला.

‘क्षार मंजी काय?’ मायनं विचारलं.

‘मीठच, आजी. मिठासारखे पदार्थ.’

‘मंग मीठ बंद करा मनता आन् क्षार सांभाळा बी मनता? एकावर ऱ्हावा की, डाक्टरसाहेब.’

डॉक्टर हसले. मग औषधाच्या निमित्तानं मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, ‘बऱ्या होणार नाहीत. पण मीठ पाळलं तर जे दिवस आहेत ते बरे जातील.’

म्हणजे मायचे बरे दिवस आता औषधाच्या बाटलीत नव्हते, आमच्या चुलीपाशी होते. हे मला गाडीत पुन्हा पुन्हा आठवत होतं. म्हणून मी तो निर्णय घेतला. मीठ एकट्या मायचं नाही, सगळ्या घराचं बंद.

‘सगळ्यायचं?’ माझी बायको सत्यशीला म्हणाली. ती चुलीपुढं बसली होती.

‘सगळ्यांचं. एकट्या मायनं अळणी खायचं आणि आपण तिच्यासमोर बोटं चाटायची? माणुसकी आहे की नाही?’

‘लेकरायचं बी?’

‘लेकरांचं बी.’

‘आन् तुमचं?’

हा प्रश्न तिनं उगाच विचारला नव्हता. वरणात एक खडा कमी पडला तर ताट सरकवणारा माणूस या घरात एकच होता, आणि तो आत्ता हिच्यासमोर हात कमरेवर ठेवून उभा होता.

‘माझं सगळ्यात आधी,’ मी म्हणालो, आणि मिठाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. ठेवताना थोडं मीठ माझ्याच डोळ्यात सांडलं, पण अशा वेळी माघार घेता येत नाही. मी एक डोळा मिटूनच खाली उतरलो.

‘तुमी कामून?’ माय बाजेवरून म्हणाली. ‘मला मनलाय डाक्टर. तुमच्या छातीत कुठं पिंजारी हाय?’

‘माय, संतुलन घराचं असतं. एकट्याचं नसतं.’

(हे वाक्य डॉक्टरांचं नव्हतं. माझं स्वतःचं होतं.)

त्या दिवशी अळणी वरण, अळणी मेथी आणि भाकरी झाली. मी पहिला घास घेतला. भिंत चाटल्यासारखं लागलं. दोन्ही लेकरं माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी ‘वा’ म्हणालो. थोरलीनं भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. धाकटा रडला. माय बाजेवर बसून गुपचूप जेवली. खाली बसून जेवलं की पोट दाबून तिचा श्वास अडायचा, म्हणून तिचं ताट नेहमी बाजेवरच असायचं. तिनं एका घासालाही तोंड वाकडं केलं नाही. तिच्याकडे बघून मी दुसऱ्यांदा ‘वा’ म्हणालो.

आता तुमच्यापाशी लपवून काय करू? तिसऱ्या दिवशी मी बाजारातून मिठाची एक पुडी घेतली आणि ऑफिसात टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. सत्यशीलानं दिलेला अळणी डबा उघडायचा, इकडेतिकडे बघायचं आणि चिमटी सोडायची. त्यानंही भागलं नाही तर संध्याकाळी स्टेशनजवळच्या हॉटेलात मिरचीची भजी. मग नळावर चूळ भरून, मिशा पुसून, संतुलित चेहऱ्यानं घरी.

‘आलास?’ माय बाजेवरून म्हणायची. ‘भजी ताजी हुती का?’

‘कोणती भजी?’

‘मला दम हाय बाबा, नाक शाबूत हाय.’

आमचे हेडक्लार्क दत्तराव एकदा शेजारी डबा घेऊन बसले. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे पुडी सोडून सगळं. दत्तरावांनी ते रात्री घरी सांगितलं, आणि तिथून या गोष्टीला पाय फुटले.

दत्तरावांच्या मंडळी धुरपताबाई. बाई मनानं फार चांगली, पण व्रतवैकल्यांत आकंठ बुडालेली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सोडून जे वार उरतील त्या वारी ती जेवते. तिनं हिशेब केला. श्रावण तोंडावर आलेला, आख्खं घर अळणी जेवतंय, म्हातारी आजारी आहे, तर हे मोठं कडक व्रत असणार. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटायच्या सुमाराला ती आमच्या घरी आली आणि मायच्या पायावर डोकं ठेवून मोकळी झाली.

‘कोणत्या देवीचं हाय, मावशी? मला बी सांगा. आमच्या ह्यांचं घोरणं जाईना.’

‘देवीचं न्हाई बाई, डाक्टरचं हाय,’ माय म्हणाली.

‘न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ द्या. व्रत फोडू नये,’ धुरपताबाई म्हणाली. नारळ, खण आणि हळदीकुंकवाची पुडी असं सगळं तिनं मायच्या उशाशी ठेवलं आणि ती आल्या पावली गेली. मी घरात शिरत होतो, ती दारातून बाहेर पडत होती. माझ्याही पाया पडली.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमचं घर बौद्धवाड्यातलं. छप्पन साली समाजानं धम्म घेतला तेव्हा मायनं स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यातले टाक गोधडीत बांधून नदीला सोडले होते. तेव्हापासून आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी कोणी नाही. अशा घरात अळणी व्रत चालू आहे, ही बातमी विहारात पोहोचायला किती वेळ लागणार? धुरपताबाईचा पदर कोपऱ्यावर दिसेनासा होतोय तोवर दुसऱ्या कोपऱ्यावरून भगवानराव येताना दिसले. बरोबर पंचकमिटीतले दोघंजण.

भगवानराव म्हणजे विहाराचे अध्यक्ष. रिटायर मास्तर. मला पाचवीत त्यांनी छडीनं शिकवलं होतं आणि अजूनही ते दारात आले की माझे तळवे आपोआप मागे जातात.

‘जयभीम,’ ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्यांची नजर सरळ मायच्या उशाशी गेली. नारळ, खण, हळद, कुंकू. मी नारळावर टॉवेल टाकला. (अपराधी माणूस जे काही करतो ते सगळं मी करत होतो, फक्त अपराध केला नव्हता.)

‘सिताराम, तुमच्या घरी मीठ बंद हाय मनं.’

‘हो, गुरुजी. क्षारांचं संतुलन.’

‘कोण हे क्षार?’

‘ते अन्नात असतात. सोडियम, पोटॅशियम...’

‘आन् त्याच्यासाठी नारळ लागतो?’

कमिटीतला एकजण टॉवेलाचा उंचवटा बघत मान हलवत होता. मी समजावायला लागलो. डॉक्टर, फुफ्फुस, पाणी, कालवा. घाबरलो की मी खात्याच्या भाषेत शिरतो. शरीरात पाणी कसं तुंबतं ते सांगता सांगता मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पोहोचलो, आणि भगवानरावांचा चेहरा जास्तच कठीण होत गेला.

‘बावीस प्रतिज्ञा पाठ हायत का?’ त्यांनी मध्येच विचारलं. मी उभा राहिलो. पाचवीतला मुलगा उभा राहतो तसाच.

तेवढ्यात माय बाजेवर उठून बसली. तिला बोलायचं असलं की आधी श्वास जमवावा लागायचा. सगळे थांबले.

‘भगवाना,’ ती म्हणाली, ‘छप्पन सालीच या घरातले देव गेले. मी काडले. ह्या हातानं.’ मग थांबली. ‘आता मीठ बी गेलं. श्वास जायलाय. अजून काय काडून न्यायला आलास बाबा?’

एवढं बोलून तिला जी ढास लागली ती थांबेना. मी धावलो. सत्यशीला धावली. पण आमच्या आधी भगवानराव खुर्चीवरून उठले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मायला वारा घालायला सुरुवात केली. बराच वेळ घालत राहिले. त्यांची आईसुद्धा त्याच जिनिंगमध्ये होती, मायच्या शेजारच्या रेच्यावर. ती कधीच गेली होती. हे मला तेव्हा आठवलं, त्यांना आधीपासून आठवत असणार.

माय शांत झाल्यावर ते म्हणाले, ‘सत्यशीला, बाई, मला बी तेच वाढ, जे हे खायलेत.’

तिनं वाढलं. भगवानरावांनी अळणी वरणाचा घास घेतला. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. छडी खाणाऱ्या आम्हा पोरांचा चेहरा असाच होत असावा. सगळं ताट त्यांनी संपवलं, पाणी प्यायलं आणि उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘कडक हाय रे तुझं संतुलन,’ म्हणाले आणि गेले. नारळ सत्यशीलानं फोडून चटणी केली. अळणी.

यानंतर आमच्या घरात एक चमत्कार झाला. (आमच्यात चमत्कार मानत नाहीत. म्हणून मी त्याला शास्त्र म्हणायचो.)

हळूहळू मला अळणी जेवणात चव लागायला लागली. आधी वाटलं, भास आहे. पण चार दिवसांनी मेथीत किंचित चव कळली. आठवड्यानं वरण बेचव वाटेना. पुढं पुढं तर वांग्याच्या भाजीत असं काही लागायचं की मी सत्यशीलाकडे बघायचो. ती भाकरी थापत असायची.

मी विचार केला आणि मला सगळं उमगलं. प्रत्येक भाजीत तिचं स्वतःचं मीठ असतंच. आपण वरून घालतो म्हणून जिभेला ते कळत नाही. वरचं बंद केलं की जीभ हळूहळू जागी होते. मी भजी सोडली. डब्यात चिमटी टाकायची सोडली. खणातली पुडी खणातच विसरून गेलो. आणि दुपारच्या सुट्टीत ऑफिसात व्याख्यानं द्यायला लागलो.

‘पहिला पंधरवडा जड जातो,’ मी दत्तरावांना सांगायचो. ‘मनाचा निग्रह पाहिजे. नंतर जिभेतले क्षार जागे होतात. आज माझ्या डब्यातली गवार अशी आहे, साहेब, की तुम्हाला शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही की यात मीठ नाही.’

‘बघू एक घास,’ दत्तराव म्हणायचे.

‘नको. तुमची जीभ अजून झोपलेली आहे. तुम्हाला नाही कळायचं.’ आणि मी सगळी गवार स्वतःच संपवायचो.

घरी आलो की मायच्या बाजेशी बसायचो. पायावर बोट दाबून बघायचो. खड्डा उथळ होत चालला होता. खरंच होत होता. सूज उतरली. माय आधी दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत यायला लागली. ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या बायकांशी थांबत थांबत बोलायची. दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला, पांढरं लुगडं नेसून ती माझा हात धरून विहारापर्यंत चालत गेली. वाटेत तीनदा बसली, पण गेली. भगवानरावांनी उठून तिला पुढं बसवलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की परतताना मी सगळ्यांना क्षारांबद्दल सांगत सुटलो.

‘जमायलंय का रे तुला अळणी?’ माय मधूनमधून विचारायची.

‘लय गोड लागतं, माय. भाजीचं स्वतःचं मीठ असतं.’

‘असतंय का?’

‘असतं. कळायला मन लागतं.’

यावर ती हसायची. हसता हसता खोकायची, मी पाठ चोळायचो, आणि सत्यशीला काहीतरी आणायला आत निघून जायची.

एकदा मी मायच्या ताटातलं उरलेलं वरण ओढून घ्यायला गेलो. तिनं झटकन ताट मागं घेतलं. ‘दुखणेकऱ्याचं उष्टं खाऊ नये,’ म्हणाली. मला ते तिच्या मायेचं वाटलं. तसं ते होतंच.

दिवाळी झाली आणि कापसाचा हंगाम सुरू झाला. जिनिंगकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग आमच्या दारावरून लागायची. हवेत तंतू उडायचे. थंडी पडली. मायच्या पायाला काही नव्हतं, पण छातीतला पिंजारी पुन्हा कामाला लागला. ती ओट्यावरून दारात आली, दारातून बाजेवर आली. जेवण कमी होत गेलं. मी मुगाचं कढण घेऊन बसायचो, केळं कुस्करायचो. ती तोंड फिरवायची.

‘ठेचा खावा वाटायलाय,’ एका दुपारी ती म्हणाली. ‘हिरव्या मिरचीचा. मीठ घालून वाटलेला.’

मला रडू येत होतं. डॉक्टरांचे शब्द डोक्यात होते, आणि मला वाटत होतं की मी धरून ठेवलं तर दिवस धरून राहतील. ‘माय, थोडं थांब,’ मी म्हणालो. ‘जरा बरं वाटलं की देतो. आणि तू एकटी आहेस का? मीपण खातोच ना तुझ्यासंगं अळणी?’

मायनं माझ्याकडे बघितलं.

‘व्हय बाबा,’ ती म्हणाली. ‘तू हायस मनून तर गिळायलेय.’

आणि तिनं माझ्या हातून दोन चमचे कढण घेतलं.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळची वेळ होती. सत्यशीला चहा टाकत होती, मी ऑफिसला जायची तयारी करत होतो. बाहेर गाडीवानांचा आवाज होता. मायनं हात वर केला, मला वाटलं पाणी पाहिजे. पाणी घेऊन येईपर्यंत घरात एकदम शांत झालं. इतके महिने तिच्या छातीची घरघर घरात अशी भरून राहिलेली होती की ती थांबल्यावर आम्हाला आपापले श्वास ऐकू यायला लागले. आणलेला पेला मी तिच्या उशाशी ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळा वाडा जमला होता. ऑफिसातले लोक आले, दत्तराव आणि धुरपताबाईही आले. भगवानराव मायबद्दल बोलले, तिनं देव कसे सोडले ते बोलले. मग त्यांनी मला उभं केलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मायसाठी मी मीठ सोडलं होतं. आता माय नाही. पण तिची आठवण म्हणून मी आयुष्यभर अळणीच जेवणार आहे.’

लोकांनी डोळे पुसले. भगवानरावांनी टोपीनं पुसले. धुरपताबाईनं बसल्या जागेवरून हात जोडले. एकटी सत्यशीला खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, दुःख.

पाहुणे पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘मंग आता खरंच अळणी करू का?’ तिनं विचारलं.

‘खरंच म्हणजे? आपण खातोच की अळणी.’

तिची नजर चुलीमागं गेली.

‘सत्यशीला?’

‘भगवान गुरुजी येऊन गेले न्हाई का, त्याच्या दुसऱ्या दिवशीच मायनं मला बोलावलं,’ ती म्हणाली. ‘मनल्या, लेकरं वाळायलीत. सिताराम बी वाळायलाय, भजे खाऊन पोट बिघडवून घ्यायलाय. माझं येगळं काड, जर्मनच्या भगुल्यात. मग बाकीच्यात मीठ घाल.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

‘मायनंच शपत घातली. मनल्या, त्याला वाटू दे माझ्यासंगं खायलाय. तेवढंच त्याला बरं वाटतंय. एकदम घालू नको, वळखील. रोज एक एक खडा वाढव.’

मी खाली बसलो. रोज एक एक खडा. म्हणजे माझी जीभ जागी होत होती ती ही अशी.

‘आन् मी घालायला इसरले तर बाजेवरून खूण करायच्या,’ सत्यशीला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ‘घातलंस का, मनून. सोता अळणी गिळत बसायच्या आन् तुमच्या वरणात घातलंस का मनून इचारायच्या. लेकरायला बी सांगून ठेवलं हुतं. तुमी गोड लागतंय मनलात की तोंड दाबून हसायच्या.’

दुसऱ्या दिवशी मी तिला खरंच अळणी करायला लावलं. तेच वरण, तीच मेथी. म्हटलं, निदान एक ताट. माय इतके महिने दोन्ही वेळा खात होती, आपण एक ताट तरी संपवू. पहिला घास गेला. दुसरा तोंडात फिरत राहिला. तिसरा घेता आला नाही. सत्यशीलानं माळ्यावरची बरणी कधीच खाली आणलेली होती, ती चुलीमागंच होती. मीठ हातात देत नाहीत, म्हणून तिनं बरणी माझ्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवली आणि ती लेकरांना घेऊन बाहेर गेली. आयुष्यभराची प्रतिज्ञा एवढीच टिकली.

रजा संपवून ऑफिसात गेलो. दुपारी दत्तराव डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. चेहरा सुकलेला, शर्टाची कॉलर ढिली झालेली.

‘सिताराम,’ ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुला आत्ता इचारू नये, पण राहवंना. तुझं ऐकून आमी बी दिवाळीपासून मीठ सोडलंय. हिनं तर व्रतच धरलंय. आता संक्रांत आली. पंधरवड्यात जीभ जागी होती मनला हुतास. मला अजून गवारीत काहीच लागंना. माझ्या जिभेतच काही खोट हाय का?’

मनाचा निग्रह पाहिजे, हे वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

‘खोट काही नाही, साहेब,’ मी म्हणालो. ‘त्याला घरात माय लागते.’

दत्तरावांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा दुःखात आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अळणी गवारीकडे बघत बसले.

मी खालचा खण उघडला. पुडी तिथंच होती. पावसाळ्यात पाणी धरून तिचा पार दगड झाला होता. (मीठ पाणी धरतं, हे डॉक्टर म्हणालेच होते.) पेपरवेटनं फोडून मी एक तुकडा दत्तरावांच्या डब्याच्या झाकणात ठेवला.

त्यांनी तो गवारीत कुस्करला, एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

‘लागायलंय रे!’ ते म्हणाले. ‘भाजीचं सोताचं मीठ ते हेच का?’

‘हेच,’ मी म्हणालो आणि उरलेला तुकडा माझ्या वरणात टाकला. तो जरा जास्तच झाला. प्रमाण मला कधी कळलंच नव्हतं, ते मायच बघायची.